इंजिनिअरिंग अर्धवट राहिलेला सेनापती

मी कुरकुंभचा. तालुका दौंड, पुणे-सोलापूर रस्ता, फिरंगाई देवीचं देऊळ आणि केमिकल कंपन्यांची एमआयडीसी. होस्टेलवरच्या निम्म्या पोरांना आमचं गाव फक्त बारामतीला वळायचा चौक म्हणून माहीत असतं. असो. आमच्याकडे पाण्याचा विषय निघाला की भीमा येते, आणि भीमेचा विषय निघाला की कुणीतरी जाणता माणूस मुळशीचं नाव काढतोच. आता मुळशी कुठे आणि आम्ही कुठे? मध्ये अख्खं पुणे शहर! पण नकाशा काढून बघा. मुळा पुण्यात मुठेला मिळते, मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून जाते. विजेसाठी मुळशीत अडवलेलं पाणी मात्र या वाटेने येत नाही. ते उलटं पश्चिमेला जातं, सह्याद्रीवरून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात पडतं. लॅबमध्ये आपण जे खेळण्याएवढं पेल्टन व्हील फिरवून रीडिंग घेतो, त्याचे थोरले भाऊ तिथे आहेत. आणि कोलाडला राफ्टिंगला जाऊन जे फोटो काढता ना, ते पाणीही तिथूनच सुटलेलं असतं.

हे धरण बांधू नये म्हणून १९२१ साली सत्याग्रह झाला होता. त्याचा म्होरक्या मेकॅनिकलचा विद्यार्थी होता, हे मला सेकंड इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्याने आपण शंभर वेळा जातो, पण हा सेनापती कोणत्या सैन्याचा, असा प्रश्न पडत नाही.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० चा, पारनेरचा. म्हणजे आमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यातून घोड नदी ओलांडली की पलीकडे. घरची गरिबी, डोकं तल्लख. नगरला शाळा, मग पुण्यात डेक्कन कॉलेज. १९०३ ला बी.ए. झाले आणि पुढच्या वर्षी मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून थेट स्कॉटलंडला, एडिंबरोच्या हेरियट-वॉट कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला. गरीब घरातल्या पोराला असं काही मिळालं, तर तो तोंड मिटून डिग्री घेईल आणि परत येऊन चांगल्या पगाराची नोकरी धरेल. हे बापट तिथेच भर सभेत हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याविरुद्ध बोलले. शिष्यवृत्ती बंद झाली. डिग्री राहिली ती राहिलीच.

मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची ओळख आणि तिथून पॅरिस. पॅरिसला ते रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब करायला शिकले. म्हणजे इंजिनिअरिंग एका अर्थाने चालूच राहिलं! १९०८ मध्ये भारतात परत आले. बंगालमधल्या बॉम्ब खटल्यात माफीच्या साक्षीदाराने त्यांचं नाव घेतलं आणि चार वर्षं भूमिगत राहावं लागलं. १९१२ ला इंदूरला पकडले गेले, पुढे पुराव्याअभावी सुटले.

आता खरी गंमत सुरू होते. तुरुंगातून सुटलेला, बॉम्ब करायला शिकलेला हा माणूस पारनेरला येतो आणि हातात झाडू घेतो. रोज गावातले रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. त्या काळी ब्राह्मण घरातल्या, विलायतेत शिकून आलेल्या माणसाने! गावाला काय वाटलं असेल याची कल्पना करा. आपल्या विंगमधला कचऱ्याचा डबा कोणी उचलायचा यावरून आठवडाभर भांडणं चालतात. नंतर मुंबईत त्यांनी झाडू कामगारांची संघटना बांधली, १९२० मध्ये त्यांचा संप चालवला. मला वाटतं, मुळशीचं बीज इथे आहे. बॉम्बला चार माणसं पुरतात. संपाला मात्र सगळ्यांना बरोबर घ्यावं लागतं, त्यांच्या भाकरीचा विचार करावा लागतो.

मुळशी पेट्यात नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीचं धरण व्हायचं होतं. वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला. पाण्याखाली जाणार होती पन्नासहून अधिक गावं आणि त्यांची भाताची खाचरं. माणसं अकरा हजारांच्या आसपास. कंपनीने शेतकऱ्यांना न विचारताच त्यांच्या शेतात चाचणीचे चर खणले आणि तिथून ठिणगी पडली. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा पुढे केला. या कायद्याची मेख अशी की, काम सार्वजनिक हिताचं आहे असं सरकारने ठरवलं की विषय संपला. शेतकऱ्याने भांडायचं ते फक्त भरपाईच्या रकमेवर. जमीन द्यायची की नाही, हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नव्हतं. आणि विचारणार तरी कोण? मत देण्याचा हक्कच तेव्हा मूठभरांना होता.

टाटांची बाजू लंगडी होती असं मी म्हणणार नाही. कोळसा वाचणार होता, कंपनी देशी होती, आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत देशी कंपनीविरुद्ध उभं राहणं पुण्या-मुंबईच्या अनेक पुढाऱ्यांना अवघड वाटत होतं. इंजिनिअर म्हणून बघितलं तर ती योजना आजही तोंडात बोट घालायला लावते. पण मावळ्यांचं म्हणणं साधं होतं. जमीन आमची आहे आणि आम्हाला ती द्यायची नाही.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. मारामारी नाही, नुसतं बसणं. काम थांबलं. कंपनीने काही महिन्यांसाठी काम बंद ठेवायचं मान्य केलं. लक्षात घ्या, दांडीयात्रा १९३० ची. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. विनायकराव भुस्कुटे पहिल्यापासून या लढ्यात होते, त्यांनीच पुढे त्याचा इतिहासही लिहिला. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथेच.

त्या वर्षअखेरीस काम पुन्हा सुरू झालं आणि सरकारने अटकसत्र लावलं. पुरुष गेले, बायकाही तुरुंगात गेल्या. पण लढा आतून पोखरला तो पैशाने. खाचरं कसणारी कुळं वेगळी आणि कर्जापोटी ज्यांच्या नावावर जमिनी चढल्या होत्या ते सावकार वेगळे. सावकारांना हवे होते रोख पैसे. भरपाईचा आकडा दिसला तसे ते सरकले. मग ज्याच्या हातात फक्त नांगर, त्याने कशाच्या जोरावर थांबायचं? एकेक करून लोक भरपाई घेऊ लागले.

बापट थांबले नाहीत. तुरुंगात जायचे, सुटले की परत मुळशी. आणि इथेच त्यांच्या आयुष्यातला तो भाग येतो, जो भाषणांत सहसा गाळला जातो. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी पाच साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरची गाडी अडवली. बरोबर शस्त्रं होती. पळून न जाता त्यांनी शिक्षा पत्करली, सात वर्षं, सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात. त्यांच्या मते हा शुद्ध सत्याग्रहच होता. आपल्या कृतीची शिक्षा स्वतः भोगायची तयारी असली की झालं, मग साधन कोणतंही असो. गांधीजींना हे पटणारं नव्हतं. आरंभी त्यांनी मुळशीला आशीर्वाद दिला होता, पुढे लढा सोडून द्यावा असंच त्यांचं मत झालं. नेत्याची अहिंसेवर पूर्ण निष्ठा नाही, हे त्याचं एक कारण. होस्टेलच्या कट्ट्यावर यावर आमची दोनदा कडाक्याची भांडणं झाली आहेत. माझं मत सांगतो. रामनवमीला बाराशे माणसं नुसती बसली तेव्हा काम थांबलं होतं. सहा जणांनी शस्त्रं घेऊन गाडी अडवली तेव्हा थांबलं नाही. बाराशेचे सहा का झाले, हे खरं दुखणं, आणि त्यावर दगड हा उपाय नव्हता.

१९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली.

बापट १९३१ ला सुटले, महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि एका भाषणावरून पुन्हा आत गेले, ते १९३७ पर्यंत. पुढे सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये होते. १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हातून फडकला. आपला हिरो इथे निवृत्त व्हायला हरकत नव्हती. पण गोवा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यात होता, तिकडे लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही, आणि गोव्यात साधी सभा घ्यायलाही बंदी. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे यांच्याबरोबर सत्याग्रहींची तुकडी घेऊन बापट गोव्याच्या हद्दीत शिरले. वय ७४. या वेळी ना बॉम्ब, ना तलवार, ना रुळावर दगड. समोर पोर्तुगीज पोलीस, आणि त्यांनी सत्याग्रहींना बेदम मारहाण केली. पॅरिसला स्फोटकं शिकलेल्या माणसाने म्हातारपणी रिकाम्या हाताने मार खायला जावं, हे मला मुळशीपेक्षाही मोठं वाटतं. मित्रांनो, यावर वाद घालायचा असेल तर माझी रूम सगळ्यांना माहीत आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मुंबईतही त्यांच्या नावाचा मार्ग आहे, दादरला.

आणि तो १८९४ चा कायदा? देश स्वतंत्र झाल्यावरही तो चालूच राहिला. जमीन घेण्याआधी काही ठिकाणी तरी मालकांची संमती घ्यावी लागेल, जमीन कसणाऱ्या कुळांचं पुनर्वसन करावं लागेल, असं म्हणणारा नवा कायदा २०१३ ला मंजूर झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. सेनापतींना जाऊन तेव्हा ४६ वर्षं झाली होती.