गरमीवर पहिला खात्रीचा इलाज देणारे डॉ. पॉल एर्लिख आणि त्यांचं ६०६ नंबरचं औषध

गावाकडं ज्याला 'गरमी' म्हणतात आणि डॉक्टर ज्याला सिफिलिस म्हणतात, त्या रोगावर सव्वाशे वर्षांपूर्वी मुख्य इलाज होता पारा. पाऱ्याचं मलम महिनोन्‌महिने अंगाला चोळायचं. तोंडातून लाळ गळायची, दात हलायचे, रोग मात्र पुरता जायचा नाही. हे चित्र बदललं ते जर्मनीचे डॉ. पॉल एर्लिख यांनी.

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. डॉक्टरकी शिकताना त्यांना नाद लागला रंगांचा. कापड रंगवायचे रंग ते शरीराच्या पेशींवर टाकून बघत. एखादा रंग एकाच जातीच्या पेशीला धरतो, बाकीच्यांना सोडून देतो, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रंगासारखंच एखादं औषधही नेमकं जंतूलाच धरेल, माणसाला धक्का न लावता जंतूला मारेल, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला तो कायमचा.

मधल्या काळात त्यांना क्षयरोग झाला. बरं होण्यासाठी ते इजिप्तला जाऊन राहिले. परत आल्यावर घटसर्पावरच्या सीरमचा डोस अचूक मोजायची पद्धत त्यांनी बसवली. १८९९ पासून ते फ्रँकफर्टच्या संस्थेचे प्रमुख होते. १९०८ साली त्यांना मेचनिकोव्ह यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळालं.

गरमीचा जंतू १९०५ साली बर्लिनमध्ये सापडला. एर्लिख आणि त्यांचे सहकारी तेव्हा सोमलापासून नवी नवी औषधं बनवत होते. अशी शेकडो औषधं बनवली, तपासली. ६०६ नंबरचं औषध तर निकामी म्हणून बाजूलाही पडलं होतं. १९०९ साली जपानहून साहाचिरो हाता हे डॉक्टर आले. त्यांनी जुनी औषधं पुन्हा चिकाटीनं सशांवर तपासली, आणि ६०६ नंबरनं गरमी झालेले ससे बरे झाले. १९१० साली हे औषध 'साल्वरसान' नावानं बाजारात आलं.

विक्रीआधी सुमारे ६५ हजार डोस डॉक्टरांना फुकट वाटले गेले. औषध देणं सोपं नव्हतं. पावडर हवा लागली की बिघडायची, म्हणून ती बंद काचेच्या नळीत यायची आणि ऐनवेळी विरघळवून टोचावी लागायची. जिथं घाई झाली, डोस चुकला, तिथं रोग्यांना त्रास झाला, काहींचे जीवही गेले. कोणाला, किती आणि कसं द्यायचं याचे नियम पाळा, असा एर्लिख यांचा आग्रह होता. १९१२ साली त्यांनी वापरायला सोपं सुधारित औषध आणलं.

तरी टीका सुटली नाही. हा रोग म्हणजे पापाची शिक्षा, त्याला औषध कशाला, असं म्हणणारेही होते. आरोपांचं प्रकरण १९१४ साली कोर्टात गेलं. एर्लिख यांनी साक्ष दिली आणि आरोप करणाऱ्याला तुरुंगवास झाला. या धकाधकीत तब्येत खालावली आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचं निधन झालं.

१९४३ साली अमेरिकेत पेनिसिलिननं गरमी बरी होते हे दिसलं आणि ६०६ मागं पडलं. आज सुरुवातीच्या गरमीला बहुधा बेंझाथिन पेनिसिलिनचं एकच इंजेक्शन पुरतं. जुन्या दुखण्याला दर आठवड्याला एक, अशी तीन लागतात. गरमीचा पहिला फोड दुखत नाही आणि आपोआप जातो. माणसाला वाटतं सुटलो. पण जंतू अंगातच राहतो आणि पुढं हृदय, मेंदू, डोळे यांना धरतो. गरोदर बाईकडून तो पोटातल्या बाळालाही लागतो.

म्हणून मेडिकलमधून मनानं गोळ्या घेऊ नयेत. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी करावी. जिल्हा रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी आणि औषध मोफत असतं. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. नवरा-बायको दोघांनीही तपासणी करून उपचार घ्यावा, नाहीतर रोग एकाकडून दुसऱ्याकडं फिरत राहतो. एर्लिख यांच्या आधी रोग्याकडं खात्रीचा इलाजच नव्हता. आज इलाज तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो, लाजेपायी तो चुकवू नये.