दातांवरचा पांढरा थर, लेव्हेनहूक आणि तुमच्या अँटिबॉडी

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसले की तुम्ही बहुधा ब्रशला दोष देता आणि ती जागा घासायची सोडून देता. रक्ताचे खरे कारण बहुतेक वेळा हिरडीच्या कडेला साठलेला मऊ पांढरा थर, म्हणजे प्लाक, हे असते. या थरातले जंतू प्रथम पाहणारा माणूस डॉक्टर नव्हता. तो नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी होता.

अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांचा जन्म १६३२ चा. त्यांना लॅटिन येत नव्हते आणि विद्यापीठातही ते कधी शिकले नाहीत. पण स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून जे दिसेल ते डच भाषेत लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवत राहिले. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्यांनी स्वतःच्या दातांबद्दल लिहिले. ते रोज सकाळी मिठाने दात घासत, कापडाने पुसत, तरीही दातांच्या फटींत पांढरा थर उरे. तो पाण्यात कालवून पाहिला तर त्यात असंख्य जीव वळवळत होते. ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची नुसती गर्दी होती.

मला त्यांचा पुढचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी कडक व्हिनेगरने चूळ भरली. दातांवरचे जीव जिवंतच राहिले. तोच थर खरवडून, पातळ करून त्यात व्हिनेगर घातले, तेव्हा मात्र ते मेले. व्हिनेगर थराच्या आत पोचत नाही, हे त्यांनी अचूक ताडले.

तुमच्या अँटिबॉडींची अडचणही बरीचशी अशीच आहे. (अँटिबॉडींचा शोध लागायला १८९० साल उजाडले, बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्पावर काम करताना त्या रक्तद्रवात असल्याचे दाखवले.) लाळेतल्या आणि हिरडीच्या कडेने झिरपणाऱ्या द्रवातल्या अँटिबॉडी जंतूंना चिकटतात, पांढऱ्या पेशींना खूण करून देतात. पण दाट थरात त्या खोल शिरू शकत नाहीत. त्यातून पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखा जंतू अँटिबॉडींचे तुकडे करणारी विकरे सोडतो. त्यामुळे अनेक रुग्णांच्या रक्तात या जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर असतात आणि तरीही आजार चालूच राहतो. लढाई लांबली की सूज टिकून राहते, आणि दाताखालचे हाड झिजते ते मुख्यतः या सुजेमुळे.

म्हणून नुसत्या माउथवॉशवर विसंबू नका. थर हाताने मोडावा लागतो: मऊ ब्रश हिरडीच्या कडेला टेकवून, फटींत फ्लॉस किंवा बारीक ब्रश घालून. कडक झालेले किटण घरी निघत नाही, ते दंतवैद्याकडूनच काढून घ्या. रक्त थांबत नसेल, दात हलत असेल किंवा तुम्हाला मधुमेह असेल, तर ही भेट पुढे ढकलू नका.