जॉन आयझॅक हॉकिन्स

जॉन आयझॅक हॉकिन्स (इ.स. १७७२ – इ.स. १८५५) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले संशोधक व अभियंते होते. सोन्याच्या निबेच्या टोकाला इरिडियमयुक्त कठीण कण डाखून बसवण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. फाउंटन पेनची बारीक आणि वर्षानुवर्षे न बदलणारी रेघ या पद्धतीवर उभी आहे. हॉकिन्स यांची स्वतःची लेखणी मात्र दौतीत बुडवून लिहिण्याची होती.

जीवन

हॉकिन्स यांचा जन्म सॉमरसेट परगण्यातील टाँटन येथे झाला. त्यांचे वडील घड्याळे बनवीत. पुढे ते धर्मोपदेशक झाले. इ.स. १७९०च्या सुमारास हॉकिन्स अमेरिकेत गेले. इ.स. १८०० मध्ये त्यांनी फिलाडेल्फियात उभ्या पियानोचे पेटंट घेतले. यानंतर त्यांनी पॉलिग्राफ हे यंत्र तयार केले. त्यात दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या असत, त्यामुळे पत्र लिहितानाच त्याची नक्कल तयार होई. इ.स. १८०३ मध्ये इंग्लंडला परतताना त्यांनी या यंत्राचे अमेरिकेतील हक्क चित्रकार चार्ल्स विल्सन पील यांच्याकडे सोपवले. थॉमस जेफरसन यांनी इ.स. १८०४ पासून ते अखेरपर्यंत वापरले. त्यांच्या असंख्य पत्रांच्या नकला त्यामुळेच टिकून राहिल्या. इ.स. १८२२ मध्ये सॅम्पसन मॉर्डन यांच्यासह हॉकिन्स यांनी शिसे पुढे सरकवता येणाऱ्या पेन्सिलचे पेटंट घेतले, पण त्यातील आपला वाटा लवकरच विकला. त्रिकेंद्री चष्म्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते.

निबेचे टोक

पिसाच्या लेखणीचे टोक काही पानांतच बोथट होई आणि ती चाकूने पुन्हा तासावी लागे. हिराकस व मायफळ यांच्या शाईने पोलादी निब गंजत असे. सोने गंजत नाही. पण ते मऊ असल्याने कागदावर झिजते, टोक सपाट होते आणि रेघ जाड होत जाते. हॉकिन्स व मॉर्डन यांनी आधी शिंग आणि कासवाच्या पाठीच्या निबांत माणिक व हिऱ्याचे तुकडे बसवून पाहिले होते.

खरा उपाय प्लॅटिनमच्या खनिजात सापडला. हे खनिज विरघळवल्यावर उरणाऱ्या गाळातून स्मिथसन टेनंट यांनी इ.स. १८०३ मध्ये इरिडियम व ऑस्मियम ही मूलद्रव्ये शोधली होती. या दोहोंचे नैसर्गिक मिश्रण अतिशय कठीण कणांच्या रूपात आढळते. इ.स. १८३४च्या सुमारास हॉकिन्स यांनी असे कण सोन्याच्या टोकाला पक्के बसवण्यात यश मिळवले. या कणांवर कानस चालत नाही. ते हिऱ्याच्या भुकटीने घासून आकारात आणावे लागत. कण जितका अरुंद घासावा तितका त्याचा कागदाशी स्पर्श कमी होतो आणि रेघ बारीक उमटते. कण कठीण असल्याने ती तशीच राहते. याला मर्यादाही आहे. फार अरुंद टोक कागद ओरखडते, आणि घासता घासता कठीण थर संपून सोने उघडे पडले, तर झिजेची जुनी अडचण परत येते. रेघ बारीक करण्यासाठी निब घासणाऱ्यांना आजही हीच मर्यादा पाळावी लागते.

उत्तरायुष्य

ही पद्धत अमेरिकेत पोहोचल्यावर तेथे सोन्याच्या निबांचा मोठा धंदा उभा राहिला. लुईस वॉटरमन यांनी इ.स. १८८४ मध्ये फाउंटन पेनचे पेटंट घेतले, तोवर कठीण टोकाची सोन्याची निब सर्वत्र रूढ झाली होती. आजच्या पुष्कळ निबांच्या टोकात इरिडियम नसते, तरी नाव तेच चालते. हॉकिन्स उतारवयात अमेरिकेला परतले. न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथे त्यांचे निधन झाले.