भिक्षू फुजी गुरुजी

मुंबईत वरळीचा जपानी बुद्धविहार आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. तो ज्यांच्या संघाचा, ते भिक्षू निचिदात्सु फुजी १८८५ साली जपानात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी चीवर धारण केले. चीन-कोरियामार्गे जपानला धम्म मिळाला तो भारताकडून. ते ऋण फेडण्यासाठी १९३१ साली ते इथे आले. हातातले डफासारखे वाद्य वाजवीत पायी हिंडले. १९४५ साली हिरोशिमा-नागासाकी अणुबाँबने बेचिराख झाली. गुरुजींनी सूड न चिंतिता शांतिस्तूप उभारले. राजगीरचा १९६९ सालचा. १९८५ साली, शंभरीच्या उंबरठ्यावर, ते निवर्तले.

परदेशीचा शेतकरीपुत्र धम्मासाठी इतका चालला. मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या विहारापर्यंत मुलाबाळांसह चालत जाणे आपल्याला जड का व्हावे?