शिकारखान्याचे रान

राजर्षी शाहू महाराज म्हटले की कोल्हापूरकरांना राखीव जागा, वसतिगृहे आणि खासबागेतल्या कुस्त्या आठवतात. दाजीपूरचे जंगल सहसा आठवत नाही. वास्तविक पश्चिमेकडचे हे दाट रान टिकले, यात महाराजांचा वाटा मोठा. त्याचे मूळ त्यांच्या शिकारीच्या छंदात आहे, हे मान्य करण्यात संकोच कशाला?

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८९४ मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला. शिकारीचे त्यांना विलक्षण वेड. माळावर पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करण्याचा खेळ त्यांच्या काळात रंगे. दाजीपूर हे संस्थानचे राखीव शिकारक्षेत्र होते. राजासाठी राखलेल्या रानात इतरांची कुऱ्हाड सहजासहजी चालत नसे आणि त्याच पहाऱ्याआड गव्यांचे कळप तगले. मात्र अशा राखणीची किंमत भोवतालच्या गावांच्या गुरांना मोजावी लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात वैरण संपली, तेव्हा महाराजांनी संस्थानची जंगले चराईसाठी खुली केली. रान राखणे आणि रयत जगवणे यांतला पेच त्यांना तरुण वयातच सोडवावा लागला.

पुढे भोगावतीवर धरणाचे काम निघाले. १९०८ मध्ये तेथे गाव वसवून त्याला कन्या राधाबाईंचे नाव दिले; तेच राधानगरी. धरणाने जंगलाला नवे महत्त्व आले. पाणलोटातले डोंगर उघडे पडले तर मुसळधार पावसात माती वाहून थेट जलाशयात येणार, हे उघड होते. पैशांअभावी बांधकाम रखडले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ४७ वर्षांचे होते आणि धरण अपुरेच होते. ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर.

दाजीपूर १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. शिकारीसाठी राखलेल्या रानात शिकारच गुन्हा ठरली! पेच मात्र उलट्या बाजूने कायम आहे. दुष्काळात गुरे रानात शिरली होती. आता गवे रानाबाहेर येऊन उसात शिरतात, आणि तो ऊस पुष्कळदा राधानगरीच्याच पाण्यावर वाढलेला असतो.