दिवेलागणीचा श्लोक आणि बारामतीचे मोरोपंत

बारामती : देवापुढे दिवा लागला, शुभंकरोती झाली, की सज्जनांची संगत मागणारा एक श्लोक आजही अनेक मराठी घरांत आणि शाळांच्या प्रार्थनेत म्हटला जातो. चार-पाच वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ उमगत नाही, पण श्लोक तोंडपाठ होतो. त्याचा कर्ता कऱ्हेकाठच्या बारामतीत राहत होता, हे मात्र त्याला क्वचितच सांगितले जाते.

मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे कोकणातील सौंदळचे. पन्हाळ्यास केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. विशी ओलांडल्यावर ते बारामतीस आले. पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूजी नाईक यांनी त्यांना आश्रय दिला. पुराण सांगणे हा चरितार्थ आणि काव्यरचना हा ध्यास, असे त्यांचे आयुष्य येथेच गेले.

समग्र महाभारत त्यांनी आर्यांत उतरविले. १०८ रामायणे त्यांच्या नावावर आहेत. त्यांतील 'निरोष्ठ रामायणा'त प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरे येतच नाहीत. एरवी पंडिती वाटणारी ही करामत मुलांना मात्र खेळासारखी भावेल. ओठाला ओठ न लावता एखादी गोष्ट सांगून पाहावी, म्हणजे पंतांचे कसब कळते.

संस्कृतप्रचुर भाषेमुळे क्लिष्टतेचा आक्षेप त्यांच्यावर नेहमीच आला. परंतु याच कवीने स्त्रियांना गाता यावीत म्हणून 'सीतागीत', 'सावित्रीगीत' अशी सोपी गीतेही रचली. उत्तरायुष्यात त्यांनी 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. मेघाकडे पाहून मोराने आक्रंदावे, तशी मयूर कवीची ही ईश्वराला घातलेली साद आहे. दिवेलागणीचा श्लोक याच काव्यातला, पृथ्वी वृत्तातला.

१७९४ मध्ये बारामतीतच पंतांचे निधन झाले. पुढे १८५४ मध्ये परशुरामपंत गोडबोले यांच्या 'नवनीत' या संग्रहातून त्यांची कविता शाळकरी मुलांच्या हाती गेली आणि कित्येक पिढ्यांच्या पाठांतरात राहिली.

आज इंग्रजी बडबडगीतांच्या गर्दीत तो एक श्लोक तग धरून आहे. तो शिकविताना मोराची आणि मेघाची गोष्टही सांगितली, तर मुलाच्या ओठांवरचे शब्द त्याच्या मनातही उतरतील.