सेनापती बापट: 'मर्दानी' राष्ट्रवादाच्या काळात हातात झाडू घेणारा क्रांतिकारक

सूस आता पुणे शहरात मोडतं. 2021 मध्ये पुणे महापालिकेत जी 23 गावं आली, त्यात मुळशी तालुक्यातलं हे गावही होतं. इथून रोज सकाळी पाषाणमार्गे शहराकडे गाड्यांची रांग लागते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या पुढे सेनापती बापट रस्त्यावर जातात. बोलताना आपण त्याचं 'एसबी रोड' करून टाकलंय.

पण हे सेनापती होते कुठल्या सैन्याचे?

कुठल्याच नाही. पांडुरंग महादेव बापट यांना ही उपाधी लोकांनी दिली आणि तीही याच मुळशी तालुक्यात. सूसपासून पश्चिमेला, सह्याद्रीच्या कुशीत, जिथे आज मुळशी धरणाचं पाणी पसरलंय, तिथे 1921 ते 1924 या काळात एक लढा झाला. त्या लढ्याचे पुढारी म्हणून बापट 'सेनापती' झाले.

सेनापती म्हटलं की डोळ्यांसमोर तलवार येते. बापटांनी तलवार हातात घेतली होती, हे खरंच आहे. पण त्याच हातात त्यांनी झाडूही घेतला होता. आपल्या समाजात झाडू एक तर घरातल्या बाईच्या हातात असतो, नाहीतर ज्यांना अस्पृश्य ठरवलं गेलं त्यांच्या हातात. देशासाठी लढणं म्हणजे मर्दपणा, असं मानलं जात होतं त्या काळात एक क्रांतिकारक ही दोन्ही कामं करत होता. आपण मात्र त्यातलं एकच लक्षात ठेवलं.

'बायकी' ठरवलेला देश

ब्रिटिशांनी भारतीयांची एक वाटणी केली होती. काही जमाती 'लढाऊ', तर काही 'बायकी'. बंगाली माणसाच्या नाजूकपणाबद्दल मेकॉलेनं लिहिलेलं वर्णन तर कुप्रसिद्ध आहे. 1857 च्या उठावानंतर सैन्यभरतीतही ही वाटणी वापरली गेली. त्यामागचा तर्क सरळ होता: जो पुरुष म्हणून कमी पडतो, त्याला राज्य कशाला हवं?

या अपमानाला उत्तर म्हणून देशभर तालमी आणि आखाडे उभे राहिले. आम्ही बायकी नाही, हे सिद्ध करायचं होतं. 'बायकी असणं म्हणजे कमी असणं' हे गृहीतक मात्र तसंच राहिलं. ते आजही आहे. एखाद्या अधिकाऱ्याचा निषेध करायचा तर त्याला बांगड्यांचा आहेर दिला जातो. गंमत म्हणजे, तो द्यायला अनेकदा बायकाच पुढे असतात.

पुण्यात या विचाराला स्वतःचा रंग होता. 1893 पासून सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यापाठोपाठ शिवजयंतीचा उत्सव सुरू झाला. शिवाजी महाराज आणि त्यांचे मावळे हे पराक्रमाचं प्रतीक बनले. त्याआधी 1891 मध्ये संमती वयाचा कायदा आला होता. मुलींसाठी शरीरसंबंधाच्या संमतीचं वय 10 वरून 12 करणारा हा कायदा, पण लोकमान्य टिळकांनी त्याला विरोध केला होता. परक्या सरकारनं आमच्या घरात, आमच्या धर्मात हात घालू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे देश गुलाम असला तरी घर आपलं, आणि घराची सीमा ठरत होती ती बाईच्या शरीरावरून.

1897 मध्ये पुण्यात प्लेग आला. गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासणी करू लागले. त्यांनी स्त्रियांची विटंबना केल्याच्या तक्रारी झाल्या आणि शहर पेटलं. व्यायाम आणि शस्त्रांचा ध्यास असलेल्या चाफेकर बंधूंनी 22 जून 1897 ला प्लेग कमिशनर रँडवर गोळी झाडली. देश म्हणजे आई, तिची अब्रू म्हणजे देशाची अब्रू आणि ती राखणं हे मुलाचं काम. या मांडणीत मुलगी कुठे बसते, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता.

या वातावरणात बापट मोठे झाले.

पारनेर ते पॅरिस

बापटांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 ला नगर जिल्ह्यातल्या पारनेरचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत असताना चाफेकरांच्या वर्तुळातल्या एका तरुणाशी त्यांची ओळख झाली आणि नंग्या तलवारीवर हात ठेवून त्यांनी देशासाठी जगण्याची शपथ घेतली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबराला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तिथे भारतातल्या ब्रिटिश राज्यावर टीका करणारं भाषण केलं आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनचं इंडिया हाऊस, सावरकरांची भेट आणि तिथून पॅरिस. हेमचंद्र दास यांच्याबरोबर त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब बनवण्याची माहिती मिळवली आणि 1908 मध्ये ते भारतात परतले. त्याच वर्षी अलीपूर बॉम्ब खटला उभा राहिला. माफीच्या साक्षीदारानं त्यांचं नाव घेतलं आणि बापट भूमिगत झाले. 1912 मध्ये ते इंदूरला पकडले गेले, पण पुराव्याअभावी सुटले.

गोष्ट इथेच संपली असती तर बापट हे त्या काळातल्या अनेक क्रांतिकारकांसारखे एक क्रांतिकारक ठरले असते.

झाडू

सुटून आल्यावर पारनेरला बापटांनी एक काम अंगावर घेतलं. पहाटे उठून ते गावातले रस्ते झाडायचे आणि संडास साफ करायचे. 1914 मध्ये त्यांना मुलगा झाला, तेव्हा बारशाच्या निमित्तानं पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांची बसवली. गावातल्या चित्पावन ब्राह्मणाच्या घरी असं काही घडणं त्या वेळी किती अवघड होतं, हे वेगळं सांगायला नको.

नंतर पुण्यात त्यांनी टिळकांच्या 'मराठा' पत्रात काम केलं. 1920 मध्ये मुंबईत सफाई कामगारांसाठी 'झाडू-कामगार मित्रमंडळ' काढलं. अंदमानातल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठीही ते त्याच काळात खटपट करत होते. तेव्हाच्या लोकांना ही दोन कामं एका पातळीवरची वाटली नसतील. काळ्या पाण्यावरचा कैदी हा वीर, आणि शहराचा मैला वाहणारा माणूस? बापटांसाठी दोन्ही देशाचंच काम होतं.

मला हा भाग त्यांच्या बॉम्बपेक्षा जास्त धाडसाचा वाटतो. बॉम्ब बनवणाऱ्याला निदान आपल्या लोकांत मान मिळतो. संडास साफ करणाऱ्या शिकलेल्या ब्राह्मण पुरुषाला तोही मिळत नाही. त्यात जातही जाते आणि पुरुषपणही.

मुळशीत नेमकं काय झालं?

पहिल्या महायुद्धानंतर टाटा कंपनीनं निळा आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरणाची योजना आखली. पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचं, तिथे वीज तयार करायची आणि ती मुंबईला न्यायची. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासहून अधिक गावं उठणार होती. (सूस या बुडणाऱ्या गावांत नव्हतं; ते त्याच तालुक्याच्या पुण्याकडच्या टोकाला आहे.) जमीन 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली जात होती.

ही जमीन भाताची होती. भाताची शेती कुणी जवळून पाहिली असेल तर त्यांना माहीत असेल की गुडघाभर चिखलात वाकून लावणी करतात त्या बायकाच. जमिनीच्या कागदावर नाव मात्र बहुतेक पुरुषाचं. भरपाई मिळणार ती कागदावर नाव असलेल्याला. त्यातही पुष्कळ जमीन सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारे नुसते कूळ. म्हणजे जी बाई त्या खाचरात सर्वाधिक राबली होती, तिचा या व्यवहारात कुठेच संबंध येत नव्हता.

16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. बाराशेच्या आसपास माणसं धरणाच्या जागी जाऊन बसली आणि काम थांबलं. त्यात बायका होत्या, मुलंही होती. जाईबाई भोईटे यांचं नाव या लढ्यातल्या स्त्रियांमध्ये ठळकपणे घेतलं जातं. विनायकराव भुस्कुटे गावोगाव संघटना बांधत होते. पुण्याहून शि. म. परांजपे यांच्यासारखे नेते आले. गांधीजींनीही 'यंग इंडिया'त लिहून टाटांना लोकांशी बोलण्याचं आवाहन केलं.

लढ्याची भाषा मात्र लष्करी होती. शेतकरी 'मावळे' झाले आणि बापट 'सेनापती'. जीव जाईल पण जमीन देणार नाही, हा निर्धार घोषणेत होता. प्रत्यक्ष कृती मात्र बसून राहण्याची, मार खाण्याची, तुरुंगात जाण्याची होती.

इथेच खरा पेच आहे. चरखा, उपवास, सहन करणं ही बाईची मानली गेलेली कामं आणि गुण गांधीजींनी राजकारणाच्या मध्यभागी आणून ठेवले. त्यामुळे हजारो बायकांना घराबाहेर पडायला वाट मिळाली. पण तलवारीवर शपथ घेतलेल्या पिढीला हे पचायला जड होतं. सहन करणं म्हणजे दुबळेपणा, हे त्यांच्या मनात तालमीपासून मुरलेलं होतं. 'मावळा', 'सेनापती' या शब्दांनी ती अडचण झाकली. मार खाणाराही मग योद्धा ठरला. फक्त त्याच्या शेजारी बसून तोच मार खाणाऱ्या बाईसाठी या शब्दकोशात शब्द नव्हता. मावळ्याची आई किंवा बायको, एवढीच तिची जागा.

सत्याग्रह मध्ये थांबला, पुन्हा सुरू झाला. बापट तुरुंगात गेले, सुटले, पुन्हा गेले. दरम्यान सावकार भरपाई घ्यायला तयार झाले आणि लढ्याला फूट पडली. टाटांचं धरण हाही देशाच्या प्रगतीचाच प्रकल्प आहे, स्वदेशी उद्योग उभा राहायला हवा, असं मानणारे सुशिक्षित लोक कमी नव्हते. म्हणजे राष्ट्र दोन्हीकडे होतं. त्याग मात्र एकाच बाजूकडून मागितला जात होता.

बापट गांधीजींचे शब्दशः अनुयायी कधीच नव्हते. हेतू शुद्ध असेल तर सत्याग्रहात बळ वापरणं वर्ज्य नाही, अशी त्यांची स्वतःची मांडणी होती. डिसेंबर 1924 मध्ये लढा जवळपास विझलेला असताना त्यांनी काही साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी शस्त्रांनिशी अडवली. त्यांना अटक झाली आणि सात वर्षांची शिक्षा झाली.

त्या हल्ल्यानं एक गुंठाही वाचला नाही. 1927 मध्ये भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो रेल्वे अडवणारा सेनापती. तीन वर्षं धरणाच्या जागी जाऊन बसणाऱ्या बायका नाही आणि पारनेरचे झाडलेले रस्तेही नाहीत. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी मुळशीवर सविस्तर पुस्तक लिहिलं आणि हा जगातला पहिला धरणविरोधी लढा होता, असं मांडलं. ते वाचताना लक्षात येतं की हरण्याची कारणं शौर्याच्या अभावात नव्हती. ती कर्जात, कुळांच्या हक्कात आणि भूसंपादनाच्या कायद्यात होती.

पुढची 36 वर्षं

1931 मध्ये बापट सुटले. भाषणांसाठी पुन्हा तुरुंगात गेले. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये काम केलं. निजामाविरुद्धच्या हैदराबाद सत्याग्रहातही ते उतरले. मधल्या काळात श्री अरविंदांच्या 'दिव्य जीवन' या ग्रंथाचा मराठी अनुवादही केला. सगळ्या तुरुंगवासांची बेरीज केली तर उमेदीची कितीतरी वर्षं गजाआड गेलेली दिसतात. त्या काळात घरचा गाडा ओढणाऱ्यांना देशभक्त म्हणायची पद्धत तेव्हा नव्हती. क्रांतिकारकांची चरित्रं वाचताना हे पुन्हा पुन्हा जाणवतं.

15 ऑगस्ट 1947 ला पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान बापटांना मिळाला. स्वातंत्र्यानंतरही ते घरी बसले नाहीत. गोवामुक्तीच्या आंदोलनात ते होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही होते. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

28 नोव्हेंबर 1967 ला, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते झाले. दोन्ही पाट्यांवर 'सेनापती' आहे. मुंबईचा सेनापती बापट मार्ग दादर, परळच्या बाजूनं जातो, म्हणजे ज्या गिरणगावाला विजेची भूक होती त्याला लागूनच. मुळशीचं पाणी आजही सह्याद्री उतरून भिऱ्याला जातं.